शोधकाचें गुपित आणि समाजाचें देणें

विद्यादानाची थोरवी आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेली आहे. परंतु त्याच आपल्या समाजांत असेहि वैद्य होऊन गेले कीं, ज्यांनीं आपली एखादी गुणकारी मात्रा पोटच्या मुलास अगदीं मरतेवेळीं सांगितली. आणि कित्येकांस तीहि वेळ साधली नाहीं, म्हणून त्यांची मात्रा त्यांच्याबरोबरच सरणावर गेली. घराण्याची चीज शिष्यास न देणारे गवई आणि रंगाची कृति परक्यास न सांगणारे कारागीर यांच्या गोष्टीहि आपण ऐकतों. अशा माणसांस आपण चटकन् कृपण म्हणून मोकळे होतों. पण क्षणभर त्यांच्या बाजूनेंहि विचार करून पाहावा. ज्याला ना वतन, ना शेत, ना दरमहा वेतन, त्याचें गुपित हेंच त्याचें वतन व हेंच त्याचें शेत. तें सर्वांस वाटून टाक असें त्याला सांगणें म्हणजे कुळकर्ण्याला दप्तर सोड आणि कुणब्याला जमीन सोड असें सांगण्यासारखेंच आहे.

आणि तरीसुद्धां नवी युक्ति सर्वांच्या हातीं आल्याशिवाय समाजाचें पाऊल पुढें पडत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. मग ज्यानें आपल्या बुद्धीनें व कष्टानें एखादा शोध लावला, त्यानें तो सर्वांस मोकळा करून द्यावा, असें त्याला कसें पटवावें? उपदेश करून, मान देऊन, कीं त्याच्या पोटापाण्याची तजवीज करून? या प्रश्नाचें उत्तर तर्कानें शोधण्यापेक्षां इतिहासांत शोधलेलें बरें. सुदैवानें एका शोधाच्या बाबतींत हे तिन्ही प्रकार अवघ्या पंधरा-सोळा वर्षांच्या आंत घडून आले. तो शोध म्हणजे, ज्याच्यामुळें आपल्या प्रत्येकाच्या घरीं भिंतीवर वाडवडिलांचे चेहरे आज दिसतात, तो फोटोचा शोध.

फ्रान्समध्यें शालों नांवाच्या गांवीं जोसेफ निसेफोर न्येप्स नांवाचा एक गृहस्थ राहत असे. काळोख्या पेटीच्या एका बाजूस भिंग बसविलें तर समोरच्या देखाव्याचें प्रतिबिंब आंत पडतें, ही गोष्ट चित्रकारांस पूर्वींपासून ठाऊक होती. तें प्रतिबिंब कायमचें धरून ठेवतां येईल काय, हा न्येप्सचा ध्यास होता. १८२६-२७ च्या सुमारास त्यानें धातूच्या पत्र्यावर एक प्रकारच्या डांबराचा लेप देऊन आपल्या खिडकींतून दिसणारा देखावा उठविला. चित्र अंधुक होतें व त्याला कित्येक तासांचें ऊन लागलें. पण सूर्यानें काढलेलें आज उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें चित्र तें हेंच. पुढें १८२९ सालीं न्येप्सनें पॅरिसच्या लुई दागेरशीं भागीदारीचा करार केला. दागेर हा नाटकाचे पडदे रंगविणारा कुशल चितारी. प्रचंड पडद्यांवर प्रकाशाचा खेळ करून देखावे दाखविणारें 'डायोरामा' नांवाचें त्याचें प्रेक्षागृह १८२२ पासून पॅरिसमध्यें चालू होतें. १८३३ सालीं न्येप्स वारला आणि भागीदारींत त्याच्या जागीं त्याचा मुलगा इझिडोर आला. दागेरनें प्रयोग तसेच पुढें चालविले व शेवटीं एक निराळी रीत बसविली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर, त्याला आयोडीनची धुरी, मग पेटींत तो पत्रा ठेवून प्रकाशाचा संस्कार, आणि नंतर पाऱ्याच्या वाफेनें अदृश्य चित्र दृश्य करणें, अशी ती रीत होती. चित्र इतकें बारीक उठे कीं, भिंग लावून पाहतां दूरच्या घराच्या कौलांचे कंगोरेहि मोजावे.

आतां हें गुपित विकावें कसें? गुपिताचा बाजार मोठा विचित्र असतो. आंबेवाल्यास गिऱ्हाइकाला एक फोड चाखावयास देतां येते. गुपिताची फोड दिली कीं सारी आढीच गेली! रीत सांगितल्याशिवाय कोणी पैसे देईना, आणि रीत एकदां सांगितल्यावर पैसे देण्याचें कोणास कारण उरणार नव्हतें. दागेरनें वर्गणी जमविण्याची खटपट केली, ती साधली नाहीं. पेटंट घ्यावें, तर तेंहि कुचकामाचें. कारण ही कांहीं मोठ्या गिरणींतील यंत्रासारखी चार लोकांच्या डोळ्यांवर येणारी वस्तु नव्हे. रीत समजलेला कोणीहि मनुष्य ती आपल्या माजघरांत बसून करूं शकला असता. घरोघर शिपाई कोण ठेवणार?

अशा वेळीं फ्रान्स्वा आरागो पुढें आला. आरागो हा पॅरिसच्या वेधशाळेंतील ज्योतिषी, विज्ञान-अकादमीचा कायम चिटणीस आणि त्याखेरीज लोकप्रतिनिधींच्या सभेचा सभासद. म्हणजे विद्या आणि राज्य या दोन्ही दरबारांत त्याची ऊठबस होती. ७ जानेवारी १८३९ रोजीं त्यानें अकादमीच्या बैठकींत या शोधाची वार्ता जाहीर केली, मात्र रीत सांगितली नाहीं. दोनच महिन्यांनीं, ८ मार्च रोजीं, दागेरचें डायोरामा आगींत जळून खाक झालें. त्याची रोजची मिळकत तेथेंच बुडाली.

आरागोस दोन बाजूंची समजूत पटवावयाची होती. दागेरला त्यानें गुपित खुलें करण्याची गळ घातली. पण 'तूं थोर मनाचा आहेस, तेव्हां दान कर' एवढ्यावर तो थांबला नाहीं. जळलेल्या थिएटरच्या मालकास औदार्याचा उपदेश करण्यांत अर्थ नाहीं, हें त्याला समजत होतें. त्यानें दुसऱ्या बाजूस, म्हणजे सरकारास व प्रतिनिधि-सभेस, असें सांगितलें कीं, हा शोध राष्ट्रानें विकत घ्यावा आणि जगास दान द्यावा. ३ जुलैच्या आपल्या अहवालांत त्यानें दिलेलें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ईजिप्तमधील देवळांवरचे चित्रलेख उतरून घ्यावयाचे तर नकलाकारांच्या पलटणी कित्येक दशकें खपाव्या लागतील. दागेरच्या पेटीनें तें काम एक मनुष्य उरकील. सरकारपक्षाचें म्हणणेंहि सरळ होतें. हा शोध असा आहे कीं तो एक तर सर्वांचा होईल, नाहीं तर गुप्तच राहील. एकट्याच्या मालकीचा तो राहूंच शकत नाहीं. तेव्हां शोधकास राष्ट्रानेंच मोबदला देणें न्याय्य आहे.

दोन्ही सभागृहांनीं हें मानलें. ७ ऑगस्ट १८३९ रोजीं राजा लुई-फिलिप याची कायद्यावर सही झाली. दागेरास सालीना ६,००० फ्रँक व इझिडोर न्येप्सला ४,००० फ्रँक अशी तहहयात नेमणूक ठरली, आणि त्यांच्या मागें त्यांच्या विधवांस निम्मी. श्रोतेहो, या कायद्यांतील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही विधवांची तरतूदच होय. दान मागणाऱ्यानें दात्याच्या मागें त्याच्या चुलीचें काय होणार याचा विचार केला होता. त्याचप्रमाणें मेलेल्या न्येप्सचा वांटा त्याच्या मुलास मिळाला, म्हणजे पाया घालणाऱ्यासहि विसरलें गेलें नाहीं.

१९ ऑगस्ट रोजीं विज्ञान-अकादमी आणि ललितकला-अकादमी यांच्या संयुक्त सभेंत आरागोनें सारी रीत फोडून सांगितली. पॅरिसमधील भिंगांच्या दुकानांवर गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. दागेरनें लिहिलेल्या पुस्तिकेचीं कांहीं महिन्यांतच अनेक भाषांतून भाषांतरें निघालीं, आणि त्याच वर्षाच्या शरदृतूंत समुद्रापलीकडे अमेरिकेंत लोक पत्रे घांसून आयोडीनची धुरी देऊं लागले. चेहऱ्याचें चित्र उठावयास प्रथम फार वेळ लागे. पण हजारों हात कामास लागल्याबरोबर कोणी भिंग सुधारलें, कोणी रसायन सुधारलें, आणि थोड्याच वर्षांत तो वेळ सेकंदांवर आला. गुपित एकट्या दागेरकडे राहिलें असतें, तर एवढी सुधारणा इतक्या लवकर होती ना.

परंतु इतिहास सांगावयाचा तर उजळ बाजूबरोबर काळी बाजूहि सांगितली पाहिजे. फ्रान्सनें हें दान जगाला दिलें असें आरागो म्हणत असतांनाच, १४ ऑगस्ट रोजीं, म्हणजे रीत जाहीर होण्याच्या पांचच दिवस आधीं, दागेरच्या वतीनें लंडनमध्यें पेटंट घेतलें गेलें. जगास मोकळी असलेली ती रीत इंग्लंडपुरती बंद झाली. दुसरी गोष्ट इपोलित बायार याची. हा पॅरिसमधील एक सरकारी कारकून. त्यानें स्वतंत्रपणें कागदावर चित्रें उठविण्याची रीत शोधली होती, आणि २४ जून १८३९ रोजीं आपलीं तीस चित्रें लोकांपुढें मांडलीहि होतीं. पण सरकारदरबारीं दागेरचें प्रकरण चाललेलें. बायारची ६०० फ्रँकांवर बोळवण झाली. पुढल्या वर्षीं त्यानें आपलें स्वतःचेंच एक चित्र घेतलें, तें बुडून मेलेल्या माणसाच्या सोंगाचें. आणि पाठीमागें लिहिलें कीं, दागेरला भरभरून देणाऱ्या सरकारला या गरिबाकरितां कांहीं करतां आलें नाहीं. थट्टेच्या वेषांत आलेला हा आक्रोश आहे. राष्ट्र जेव्हां शोधकास बक्षीस देतें, तेव्हां निवड कोण करतो व दाराबाहेर कोण उभा राहतो हा प्रश्न त्या थट्टेनें कायमचा नोंदवून ठेवला आहे.

आतां इंग्लंडकडे वळूं. तेथें विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट हा सुखवस्तु जमीनदार, गणितज्ञ व व्यासंगी गृहस्थ १८३४ पासून रसायन लावलेल्या कागदावर चित्रें उठवीत होता. १८३५ च्या ऑगस्टमध्यें लेकॉक येथील आपल्या वाड्यांतील खिडकीचें त्यानें काढलेलें टिकलीएवढें चित्र आज प्रसिद्ध आहे. पॅरिसची बातमी कानीं येतांच तो जागा झाला. ३१ जानेवारी १८३९ रोजीं त्याचा निबंध रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला, आणि पुढल्याच महिन्यांत त्यानें आपली रीत कोणतेंहि मूल्य न घेतां प्रसिद्ध केली. त्याच सुमारास सर जॉन हर्शेल या प्रख्यात ज्योतिषानें सोड्याच्या एका क्षारानें चित्र पक्कें करण्याची युक्ति टॉलबटला आणि सर्व जगाला सांगून टाकली. फोटोग्राफर ज्याला 'हायपो' म्हणतात तो हाच पदार्थ. हर्शेलनें त्याबद्दल पेटंट घेतलें नाहीं कीं पैसा मागितला नाहीं. 'फोटोग्राफी' हा शब्द इंग्रजींत रुळविला तोहि त्यानेंच.

म्हणजे आरंभीं टॉलबट मोकळ्या मनाचाच होता. मग पुढें तो बदलला कां? १८४० च्या सप्टेंबरांत त्यास नवी गोष्ट सांपडली. कागदावर डोळ्यांस न दिसणारें चित्र थोड्या वेळांत उमटतें व नंतर रसायनानें तें प्रकट करतां येतें, असें त्यास दिसून आलें. शिवाय त्याच्या रीतींत एका उलट्या चित्रावरून सुलट्या प्रती हव्या तितक्या काढतां येत. दागेरच्या पत्र्यावरील चित्र एकुलतें एक असे. ८ फेब्रुवारी १८४१ रोजीं टॉलबटनें या नव्या रीतीचें पेटंट घेतलें, आणि तेव्हांपासून त्याच्या परवानगीवांचून इंग्लंडांत ती रीत वापरणें बेकायदा ठरलें.

त्याला लोभी म्हणण्याची चाल आहे. पण त्याच्या बाजूनें पाहावें. त्यानें आपली पहिली रीत फुकट दिली होती. तिचें काय फळ मिळालें? पलीकडे दागेरला सरकारनें तहहयात नेमणूक दिली आणि वर इंग्लंडांत पेटंटहि घेऊं दिलें. इकडे टॉलबटला रॉयल सोसायटीनें १८४२ सालीं एक पदक दिलें. पण त्याच्या सरकारनें त्याचा शोध विकत घेऊन लोकांस देण्याचें मनांत आणलें नाहीं. ज्यानें एकदां हात मोकळा सोडून पाहिला आणि शेजाऱ्याची ओंजळ भरलेली पाहिली, त्यानें दुसऱ्या खेपेस मूठ आंवळली, तर त्यांत नवल कसलें?

मूठ आंवळल्याचा परिणाम मात्र सर्वांसच भोंवला. टॉलबटचें पेटंट स्कॉटलंडांत लागू नव्हतें. तेथें एडिंबरोस हिल व अ‍ॅडमसन या जोडीनें १८४३ पासून चार-पांच वर्षांत त्याच रीतीनें इतकीं सुंदर चित्रें घेतलीं कीं आजहि जाणकार त्यांपुढें थबकतात. पण खुद्द इंग्लंडांत ही कागदी कला मंदगतीनेंच चालली. फ्रान्समध्यें लोक टॉलबटच्याच मूळ कल्पनेवर नवनव्या सुधारणा करूं लागले, आणि १८५१ च्या लंडनच्या जंगी प्रदर्शनांत परदेशच्या चित्रांकडे पाहून इंग्रजांच्या डोळ्यांत अंजन पडलें.

तेव्हां १८५२ च्या जुलैमध्यें दोन मोठे गृहस्थ पुढें झाले. एक रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड रॉस, दुसरे रॉयल अकादमीचे अध्यक्ष सर चार्ल्स ईस्टलेक. त्यांनीं टॉलबटला लिहिलेलें पत्र म्हणजे मन वळविण्याच्या कलेचा नमुनाच आहे. त्यांत दोष देणारा शब्द नाहीं. कागदावरच्या या कलेचे जनक तुम्ही, हें त्यांनीं आरंभींच मान्य केलें. मग सांगितलें कीं, ही कला इंग्लंडांत जन्मली, तिची पूर्णताहि येथेंच व्हावी अशी आमची इच्छा आहे. पण कांहीं शाखांत फ्रेंच आपल्यापुढें चालले आहेत. यावर कांहीं उपाय तुम्हांसच सुचविणें शक्य आहे, असा त्याचा समारोप. टॉलबटनें ३० जुलै रोजीं उत्तर दिलें. विक्रीसाठीं माणसांचीं चित्रें काढण्याचा धंदा तेवढा राखून ठेवून बाकी सर्व हक्क त्यानें लोकांस देऊन टाकले. दोन्ही पत्रें १३ ऑगस्टच्या 'टाइम्स' पत्रांत छापून आलीं. अवघ्या पांच महिन्यांनीं, जानेवारी १८५३ मध्यें, लंडनची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि ईस्टलेकच तिचे पहिले अध्यक्ष झाले.

मानानें आणि देशाभिमानानें जें साधलें तें थोडें नव्हतें. पण तें अर्धेंच साधलें, हेंहि पाहिलें पाहिजे. पैशाचा मुख्य झरा चेहऱ्यांच्या चित्रांत होता, तो टॉलबटनें सोडला नाहीं. आणि पत्र लिहिणाऱ्यांनीं त्याबद्दल कांहीं मोबदला देऊं केल्याचें पत्रांत दिसत नाहीं. केवळ शब्दांनीं मागितलेलें दान बहुधा असें शब्दांइतकेंच मिळतें.

याच सुमारास तिसरा मनुष्य रंगभूमीवर आलेला होता, आणि माझ्या मतें या कथेचा खरा नायक तोच. फ्रेडरिक स्कॉट आर्चर हा लंडनमधील एक साधा मूर्तिकार. पुतळ्यांच्या कामासाठीं माणसांचीं चित्रें हवींत म्हणून तो फोटोच्या नादीं लागला. कागदाच्या तंतूंमुळें चित्र धूसर येई. म्हणून त्यानें कांचेवर कलोडियन नांवाच्या चिकट द्रवाचा थर देऊन, तो ओला असतांनाच चित्र घेण्याची रीत काढली. दागेरच्या पत्र्याची स्वच्छता आणि टॉलबटच्या कागदाची अनेक प्रतींची सोय या दोन्ही गोष्टी त्या एका रीतींत एकवटल्या. मार्च १८५१ मध्यें 'केमिस्ट' नांवाच्या मासिकांत त्यानें ती सर्व रीत प्रसिद्ध करून टाकली. पेटंट नाहीं, फी नाहीं, कांहीं राखून ठेवणें नाहीं. त्याला कोणी पत्र लिहिलें नव्हतें कीं कोणत्या सभेनें ठराव केला नव्हता. त्याचें मन वळविण्याची गरजच पडली नाहीं.

पण मोकळी दिलेली वस्तुहि मोकळी राहूं देणें सोपें नसतें. टॉलबट म्हणूं लागला कीं, अदृश्य चित्र रसायनानें प्रकट करणें ही माझी कल्पना. तेव्हां आर्चरची रीतहि माझ्याच पेटंटांत मोडते. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील मार्टिन लारोश या धंदेवाईक फोटोग्राफरावर त्यानें फिर्याद केली. डिसेंबर १८५४ मध्यें तीन दिवस खटला चालला. ज्यूरीनें निकाल दिला तो मोठा समतोल होता. आपल्या रीतीचा पहिला व खरा शोधक टॉलबटच. पण लारोशनें कलोडियनची रीत वापरली त्यांत त्या पेटंटाचा भंग झाला नाहीं. टॉलबटनें मुदत वाढवून घेण्याचा नाद सोडला, आणि १८५५ च्या आरंभीं चौदा वर्षें पुरीं होऊन तें पेटंट संपलें. मग मात्र फोटोच्या धंद्याला पूर आला. आर्चरच्या ओल्या कांचेवर पुढें पंचवीस-तीस वर्षें जगाचा सारा फोटोचा धंदा चालला.

त्या मोकळ्या वाऱ्याची झुळूक आपल्याकडेहि लवकरच आली. लंडनच्या सोसायटीनंतर दोन वर्षांच्या आंतच, १८५४ सालीं, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या आरंभींच्या हिंदी सभासदांत डॉक्टर भाऊ दाजी यांचे बंधु, ग्रँट मेडिकल कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर नारायण दाजी, हे होते. पुढल्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें फोटोचा वर्ग सुरू झाला. जी रीत लंडनच्या एका मासिकांत छापून सर्वांपुढें ठेवली होती, ती मुंबईच्या विद्यार्थ्यास पुस्तकांतून शिकतां येत होती, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. गुपितास समुद्र ओलांडावयास जन्म लागतात; छापलेल्या रीतीस एक टपाल पुरतें.

आणि आर्चर? ज्याच्या कांचेवर शेंकडों लोक श्रीमंत झाले, तो स्वतः मे १८५७ मध्यें गरिबींतच वारला. वय अवघें त्रेचाळीस-चव्वेचाळीस. मागें बायको आणि मुलें. मग व्यवसायबंधूंस जाग आली आणि वर्गणी निघाली. वर्षाच्या आंतच त्याची बायकोहि गेली, आणि पोरक्या मुलांस सरकारांतून सालीना ५० पौंडांची नेमणूक मिळाली. कारण हेंच दाखविलें गेलें कीं, ज्या शोधावर इतरांनीं विपुल पैसा मिळविला, त्यापासून शोधकास स्वतःला कांहींच लाभ झाला नव्हता. म्हणजे खरें काय तें सर्वांस ठाऊक होतें. फक्त तो जिवंत असतांना तें कोणाच्या तोंडून निघालें नाहीं!

श्रोतेहो, हीं तीन चित्रें शेजारीं-शेजारीं ठेवून पाहावीं. दागेरास भाकरी दिली गेली, म्हणून त्यानें गुपित दिलें. टॉलबटला मान दिला गेला, म्हणून त्यानें अर्धें दिलें. आर्चरनें मागितल्यावांचून सर्वस्व दिलें, आणि म्हणून त्याला कांहींच दिलें गेलें नाहीं. यांतून कोणी असा बोध घेईल कीं, आर्चर भोळा होता, शहाण्यानें मूठ झांकलेलीच ठेवावी. मला तो बोध मान्य नाहीं. आर्चरची कृति योग्यच होती. चूक त्याच्या भोंवतींच्या लोकांची. दान घेणें हा आपला हक्क आणि दात्याची विचारपूस ही ऐच्छिक गोष्ट, असें त्यांनीं मानलें.

मी जन्मभर शाळामास्तर होतों. मला जें थोडेंबहुत येत होतें तें मीं मुलांपासून कधीं लपवून ठेवलें नाहीं. पण त्यांत माझें औदार्य तें काय? महिना भरला कीं माझा पगार माझ्या हातीं पडत असे. मुलांस शिकविल्यानें माझी भाकरी कमी होत नव्हती. उलट शिकविण्यासाठींच ती मला मिळत होती. ज्या समाजानें शिक्षकाच्या बाबतींत ही व्यवस्था केली, त्याला शोधकाच्या बाबतींत ती अशक्य कां वाटावी? हर्शेलनें हायपो फुकट दिला तो मोठ्या मनानें खराच; पण त्याच्या घरीं उद्यांच्या धान्याची चिंता नव्हती हेंहि खरें. आधीं पोटोबा, मग विठोबा, ही म्हण देवाची निंदा करीत नाहीं; देवाची पूजा निर्विघ्न कशी होईल तेवढें सांगते.

पुढील इतिहासहि याचीच साक्ष देतो. मधुमेहावरील इन्सुलिनचा शोध लावणाऱ्या टोरोंटोच्या संशोधकांनीं १९२३ सालीं त्याचे हक्क आपल्या विद्यापीठास प्रत्येकी एक डॉलर घेऊन दिले. आणि त्याच वर्षीं कॅनडाच्या पार्लमेंटनें त्यांच्यांतील फ्रेडरिक बँटिंगला ७,५०० डॉलरांची वार्षिक तहहयात नेमणूक करून दिली. अलीकडच्या काळांत संगणकाच्या क्षेत्रांत, आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांस खुला ठेवावा अशी चळवळ रिचर्ड स्टॉलमन यानें १९८३ मध्यें आरंभिली. तिच्यांतून व तिच्या मागून आलेल्या प्रयत्नांना आज लोक 'ओपन सोर्स' या नांवानें ओळखतात. संगणकांचें जें जगद्व्यापी जाळें आपल्या घरांत येऊन पोंचलें आहे, त्याची मूळ आज्ञावली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेनें ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्व जगास विनामूल्य मोकळी केली. ती रचणारा टिम बर्नर्स-ली हा त्या संस्थेंत वेतनावर काम करीत होता. संस्थेचा खर्च अनेक राष्ट्रें मिळून चालवीत होतीं. आरागोनें एका कायद्यानें जें साधलें, तें येथें एका संस्थेच्या पगारपत्रकानें आधींच साधून ठेवलें होतें.

पण ज्याच्या पाठीशीं अशी संस्था नाहीं, असे आर्चर आजहि पुष्कळ आहेत. कोणी गांवच्या लोहारशाळेंत नवें अवजार घडवितो, कोणी रात्रीं जागून आज्ञावली लिहितो व सर्वांस देऊन टाकतो. त्यांच्या वस्तूंवर मोठमोठे धंदे उभे राहतात, आणि कर्त्याचें नांवहि कोणी विचारीत नाहीं. अशा माणसांस 'आपलें गुपित खुलें करा' असें सांगावयास जातांना, आरागो, रॉस-ईस्टलेक आणि आर्चर या तिघांच्या कथेंतून मला तरी तीन गोष्टी सोबत नेण्याजोग्या वाटतात. शोध कोणाचा हें आधीं मोकळ्या मनानें कबूल करावें. तो कोणा एकाचाच नसेल, तर दाराबाहेर उभ्या असलेल्या बायारचीहि आठवण ठेवावी. दुसरें, शोध खुला झाल्यानें देशाचें व विद्येचें काय हित होईल तें ईजिप्तच्या चित्रलेखांसारखें स्पष्ट डोळ्यांपुढें मांडावें. आणि तिसरें, त्याच्या व त्याच्या मागें राहणाऱ्या माणसांच्या निर्वाहाची काय तजवीज केली आहे, तें कागदावर लिहून बरोबर न्यावें.

पहिल्या दोन गोष्टींस फक्त जीभ लागते, म्हणून त्या आपण पुष्कळदां करतों. तिसरीस खिसा लागतो, म्हणून ती पुढें ढकलली जाते, आणि मग एखाद्या वर्षीं पोरक्या मुलांसाठीं वर्गणीची यादी फिरवावी लागते. जो समाज शोधकाकडे हात पसरून जातो, त्यानें दुसरा हात रिकामा घेऊन जाऊं नये, एवढेंच मला सांगावयाचें होतें.